दिगू पडतो तो प्रसंग

“पण बाबा, पडद्यावर मारलं तरी पाप लागतं का?”

गुलाबशहा फकीर चुलीत काटक्या सारत राहिले. मुकुंद सोनटक्के काही ऐरागैरा नव्हता. तालुक्यात त्याच्या सिनेमाची हवा होती, आणि उत्तर काय हवं तेही तो ठरवूनच आला होता.

त्याचा धाकटा भाऊ दिगू निवडणुकीत पॅनेलचा प्रचार करायचा. त्याला भर बाजारात तोडलं. आरोपी सुटला, वर त्याची मिरवणूक निघाली. मुकुंदने त्यावर सिनेमा काढला आणि सिनेमाच्या शेवटी त्या सुटलेल्या माणसाचा मुडदा पाडला. आता कुणी म्हणे शेवट बदल, गाव पेटेल. कुणी म्हणे, बदललास तर तोंड दाखवू नकोस.

त्याने लॅपटॉप उघडून बाबांना शेवट दाखवला. रक्त, आरडाओरडा, मग अंधार.

“मनासारखं होईपर्यंत एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतला,” मुकुंद ऐटीत म्हणाला.

“मग जिवाला थंड वाटलं?”

“वाटेल असं वाटलं होतं...”

चहाला आधण आलं होतं. ते उतरवून बाबांनी विचारलं, “सगळ्यात जास्त वेळा काय करून घेतलंस? हा खून?”

“नाही. दिगू पडतो तो प्रसंग.”

“जमत नव्हता?”

“पहिल्याच वेळी जमला होता.”

“मग?”

दिगूच्या आठवणीने मुकुंदचा जीव नुसता तुटत होता, आणि हे त्याने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

“‘कट’ म्हटलं की तो काम करणारा पोरगा उठायचा, बाबा. अंगात दिगूचाच सदरा होता. धूळ झटकायचा, माझ्याकडे बघून हसायचा, चहा मागायचा... म्हणून मी परत पाडायचो त्याला. सगळे वैतागले. पण तो उठून चालायला लागेपर्यंत मी कॅमेरा बंद करू दिला नाही.”

आणि मुकुंद लहान पोरासारखा रडायला लागला.

बाबांनी त्याला रडू दिलं. मग हात पुसले, लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

“तो उठतो तेवढं दाखव, बेटा.”