अडतीस पायऱ्यांची माफी

त्या राज्यात नदीवर एकच पूल होता, आणि पुलावर जायचं तर पायामागे एक दगड द्यावा लागे. चार पायांच्या जनावराने चार दगड, दोन पायांच्या पाखराने दोन. उडता येणारी पाखरं पुलावरून जातच नसत, त्यामुळे दोनाचा दर फक्त पाटीवर शोभे. गाडीला जुंपलेल्यांचे पाय मोजायची पद्धत नव्हती. गाडीत बसलेल्याचे तेवढे मोजत. जमलेल्या दगडांनी पुलाची डागडुजी व्हावी, असा मूळ हुकूम होता. पुलाच्या ऐन मध्यावर, डाव्या कठड्याला लागून, तरी एक खड्डा होता. तो इतका जुना होता की गाडीवाले तिथे आले की आपोआप उजवीकडे वळत. कोणी त्याबद्दल बोलतही नसे.

साळू नावाच्या साळिंदरीचा मागचा डावा पाय त्याच खड्ड्यात गेला होता. तिची कंदांची गाडी त्यात रुतली, ढकलायला ती खाली उतरली, काठावरचा चिरा निसटला आणि पाय चिऱ्यासकट नदीत गेला. तेव्हा राज्यात दोन दिवस हळहळ झाली. तिसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली, की यापुढे लंगड्या प्राण्यांना पुलाचा कर माफ. खड्ड्याचं दवंडीत काही नव्हतं.

माफीसाठी एक कचेरी निघाली. दया उंचावर असावी, चारही दिशांनी दिसावी, असं दरबारात ठरलं, म्हणून ती नाक्याशेजारच्या टेकाडावर बांधली. वर जायला पायऱ्या केल्या. कराच्या दगडांची अशी सोय लागली. कचेरीची शोभा वाढावी म्हणून दरसाल जोतं उंच करत, आणि जोतं चढलं की पायऱ्याही चढत. या कथेच्या वेळी त्या अडतीस होत्या.

कचेरीत दयाधिकारी म्हणून एक बगळा होता. तो उडत यायचा आणि उडत जायचा. दिवसभर एक पाय पिसांत घेऊन दुसऱ्यावर उभा असायचा. साळू पहिल्यांदा धापा टाकत वर पोचली तेव्हा त्याने तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "गेलेला पाय सादर करा."

"तो नदीत गेला, साहेब."

"म्हणजे पुरावा नाही."

"तो नाही, हाच पुरावा ना?"

बगळ्याला हे उत्तर उद्धट वाटलं. तरी दया हे त्याचं कामच असल्यामुळे त्याने वडाच्या पानाला चोचीने एक भोक पाडलं आणि पान तिच्यापुढे टाकलं. ते पान खाली नाक्यावर दाखवायचं, की माफी. पण फक्त त्या दिवसापुरती. पालीची शेपटी तुटून पुन्हा उगवते, तर पायाचं कोणी सांगावं? म्हणून रोज सकाळी चढायचं, रोज पाय नसल्याचं दाखवायचं. "मीही एकाच पायावर उभा आहे," बगळा वर म्हणाला. "कधी कुरकुर ऐकलीत?"

तोवर खाली गाडी रांगेतच उभी ठेवायची, असा नियम होता. आणि नाक्याची वाट एका गाडीपुरतीच रुंद होती. साळू अडतीस पायऱ्या चढून उतरेपर्यंत मागची सगळी रांग तिष्ठत राही. मग व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी ज्यांनी हळहळ केली, ते महिन्याभरात तिच्या नावाने खडे फोडू लागले. सगळ्यांत मोठा आवाज रानडुकराचा. तो मोहाच्या फुलांची गाडी घेऊन रोज बरोबर तिच्या मागे असे.

"आम्ही दगड वाहून मान मोडून घ्यायची आणि हिने फुकट जायचं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे. "वर आम्हालाच खोळंबा. ए साळे, पाय आखडून तर बसली नाहीस ना? दाखव बघू."

रांग हसे. कोणी तिच्या गाडीला जुंपलेल्या घोरपडींना मुद्दाम चिखल मारी. साळू काटे फुलवी, पण काटे फुलवले की रांगेला आणखी चेव येई. आधी तिला लाज वाटायची. पुढे लाज गेली आणि नुसता राग उरला. तो रोज एकेका पायरीबरोबर वर चढे आणि तिच्याबरोबरच खाली येई.

राग एकवेळ गिळता आला असता. तिची खरी काळजी पैलतीरावर होती. तिथल्या बाजारात जांभळीखालची जागा तिची होती, तिच्या आईची होती, आणि आईने ती दात पडेपर्यंत धरून ठेवली होती. बाजाराचा नियम कडक होता. सकाळचा शंख वाजायच्या आत जागेवर बसायचं. एका महिन्यात तीनदा उशीर झाला, की जागा दुसऱ्याची आणि आपण दलदलीच्या टोकाला. दलदलीत गिऱ्हाईक चुकूनही फिरकत नसे. त्या महिन्यात तिला एकदा उशीर झाला होता.

म्हणून एके सकाळी ती पायऱ्यांकडे गेलीच नाही. थेट नाक्यावर गाडी आणून तिने नाकेदार वानरापुढे चार दगड ठेवले. तिच्या शेतातले दगड होते, काळेभोर, प्रत्येकात पांढरी रेघ.

"हे घ्या आणि मला सोडा."

वानराने दगडांना हातसुद्धा लावला नाही. "तुम्हाला माफ आहे."

"मला माफी नको. कर घ्या."

"माफ केलेलं घेता येत नाही, बाई. दयेचा अपमान होतो."

"मग पाय तीन आहेत, तीन दगड घ्या."

वानराने पाटीकडे बोट दाखवलं. "कायद्यात चार आहेत, दोन आहेत, आणि माफ आहे. तीन कुठे आहेत? जा, पान घेऊन या. मागे लोक खोळंबलेत."

मागे लोक खरंच खोळंबले होते. रानडुकराने तर गाडीवर उभं राहून शिव्यांची लाखोली सुरू केली होती. साळूने दगड उचलून गाडीत टाकले, अडतीस पायऱ्या चढली, पाय नसल्याचं दाखवलं, उतरली. ती पुलाच्या मध्यावर पोचली तेव्हा पैलतीरी शंख वाजला. दुसरा उशीर.

दुसऱ्या दिवशी तिने विचार केला नाही. विचार केला असता तर धीर झाला नसता. पुढच्या गाडीसाठी वानराने आडवा बांबू वर केला, तसा तिने घोरपडींचा कासरा सैल सोडला आणि त्याच बांबूखालून स्वतःचीही गाडी काढली. मागे एकच गिल्ला झाला. मध्यावर आल्यावर मात्र ती थांबली. खाली उतरली. ते चार दगड तिने एकेक करून खड्ड्यात बसवले, चौथा उरलेल्या फटीत ठोकला, तिन्ही पायांनी दाबून पाहिला. हलला नाही. मग ती गाडीत बसली आणि शंखाच्या आधी जांभळीखाली जाऊन पोचली. त्या दिवशी तिने जे कंद विकले, ते भाव न पाडता विकले.

तिच्या मागून रानडुकराची गाडी आली. पुढे कोणी उजवीकडे वळलं नाही हे पाहून त्यानेही वळवली नाही, आणि चाक डाव्या कठड्याजवळून सरळ निघून गेलं. आज वाट बरी लागली, एवढंच त्याला जाणवलं.

संध्याकाळी परतताना साळूला नाक्यावर अडवून नोटीस दिली. सुनावणी उद्या सकाळी, कचेरीत. वेळ शंखाची.

"दुपारी ठेवा," ती म्हणाली. "सकाळी मला बाजार आहे."

"दया बाजार बघून चालत नाही," वानर म्हणाला.

ती सकाळी अडतीस पायऱ्या चढली. बगळा पिसं साफ करत होता. आरोप तीन होते. पान न घेता पूल ओलांडला. माफी असून कर भरला. आणि भरला तोही नाक्यावर नव्हे, भलत्याच ठिकाणी. साक्षीला रानडुक्कर आला होता. पायऱ्या चढून त्याचा ऊर भात्यासारखा हलत होता, पण ते त्याने कोणाला कळू दिलं नाही.

"सरळ गेली, साहेब. रांगेच्या तोंडावर. एकाने असं केलं की उद्या प्रत्येक जण आपापला खड्डा भरत सुटेल," तो म्हणाला.

हे बगळ्यालाही पटलं. साळूला काही म्हणायचं आहे का, असं त्याने विचारलं.

"खड्डा भरलाय," साळू म्हणाली. "एवढंच म्हणायचंय. माझा पाय त्यात गेला आणि आता तो भरलाय. तुम्हाला तो परत का हवाय?"

एवढ्यात पैलतीरी शंख वाजला. तिसरा उशीर.

निकाल झाला. बेकायदा दिलेले चार दगड जिथे आहेत तिथून काढावेत. माफीवाल्याचे असल्यामुळे ते कराच्या ढिगात टाकता येणार नाहीत, तरी कचेरीच्या कामी लावावेत. रानडुकराने निकाल ऐकला, समाधानाने फुरफुरला, आणि गाडी घेऊन पुलावरून सरळ बाजाराला गेला. दुपारी वानरांनी पहारी घालून दगड उपसले. चौथा घट्ट बसला होता. त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि तो निघाला तेव्हा काठाचे दोन चिरेही सैल झाले.

संध्याकाळी रानडुक्कर परतला. सकाळी गेला होता तसाच सरळ.

दलदलीच्या टोकाला जायलाही पूल ओलांडावाच लागतो. त्यामुळे दुसऱ्या सकाळी साळू पुन्हा पायऱ्यांशी आली. खालच्या पायरीवर रानडुक्कर बसला होता. पुढच्या उजव्या पायाच्या जागी पाल्याचं गाठोडं बांधलेलं होतं. त्याची गाडी रांगेत पुढे उभी होती आणि मागून एक नवा, दणदणीत आवाज विचारत होता की, या फुकट्यांचं कधी उरकणार.

साळूने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं नाही, आणि दयाही आली नाही. ती त्याच्या बाजूने पहिल्या पायरीवर चढली.

"साळूबाई," तो मागून म्हणाला. त्याने तिला असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. "किती आहेत या?"

"कालपर्यंत अडतीस होत्या."

वर, कचेरीच्या दाराशी, दोन वानर गुडघ्यावर बसून नवी पायरी बसवत होते. तीन दगड बसले होते. पांढऱ्या रेघेचा चौथा काही केल्या बसत नव्हता, आणि ते त्याला पहारीने ठोकत होते.