राजाला हवा असलेला नकार

एका राज्यात दृढकेतू नावाचा राजा होता, आणि तो कायम वैतागलेला असे. वैतागाचे कारण म्हणजे त्या राज्याची एक जुनी रीत. राजाने हुकूम काढला की प्रधान सुबंधू भर सभेत तीनदा विचारी, "कुणाचे म्हणणे वेगळे?" आणि वेगळे म्हणणे नसलेला माणूस त्या राज्यात जन्मालाच येत नसे. विहिरीच्या पायऱ्या किती रुंद हव्यात, एवढ्यावर दुपार होई. कोष्टी कुंभारावर घसरे, कुंभार माळ्यावर, आणि माळी आपले म्हणणे विसरून दुसऱ्याचेच मांडत बसे. तिकडे मुदपाकखान्यात राजाचे जेवण गार होई. त्या सभेत मीही डोके धरून बसलो असतो, म्हणून राजाला अगदीच दोष देत नाही. पण पुढे त्याने जे केले, त्याला काय म्हणावे?

खजिन्याच्या तळघरात एक काळा राजदंड पुरलेला होता. तो ज्याच्या हाती, त्याच्या हुकुमापुढे कुणाचे काही चालत नाही, अशी त्याची ख्याती. राजाने तो उकरून काढला.

"महाराज, आपल्या आजोबांनी तो पुरला, त्याला काही कारण असेल," सुबंधू म्हणाला.

"आजोबांना गार भात आवडत असेल," राजा म्हणाला, आणि त्याने दंड मुठीत धरला.

दंड मुठीला चिकटला तो चिकटलाच. पण दुसऱ्या दिवशी प्रधानाने तीनदा विचारले आणि सभा गप्प. राजा ऊनऊन भात जेवला. लोकही खूशच होते, हे सांगायला हवे. डोके चालवण्याची कटकट गेली तर कुणाला नको असते?

आधी वेगळे बोलणे थांबले, मग बोलणे थांबले, मग हालचालही. हुकुमाशिवाय कोंबडा आरवेना, गाय पान्हा सोडेना, चुलीवरचे पाणी उकळेना. स्वयंपाकी पळी उचलून तसाच उभा, कारण ढवळण्याचा हुकूम झाला नव्हता. राजा पहाटेपासून गच्चीवरून ओरडू लागला, "आरव. उकळ. ढवळ. पुरे, आता वाढ." भात गरम मिळत होता, पण तो गिळायला घसा धड राहिला नव्हता.

राजाला एकच मुलगी, शाल्मली. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्न विचारणारी ती पोर आता सांगितल्याशिवाय घासही घेईना. एका संध्याकाळी "चाव, गिळ, पाणी पी" करता करता राजा वैतागला.

"झोप आता," तो खेकसला.

ती पाटावरच झोपली. सकाळी "ऊठ" म्हणायला राजाने तोंड उघडले, तर नुसती हवा बाहेर आली. आवाज पार बसला होता. राज्य जिथल्या तिथे थांबले. शाल्मलीचा श्वास हळूहळू मंद होत चालला होता, आणि तो पूर्ण थांबला तर चालू कर म्हणायला आवाज नव्हता. राजा रडला, तेही बिनआवाजाचे.

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती सीमेपलीकडची, त्यामुळे तिला दंड बाधत नव्हता.

"हा दंड तमालिका जादूगारणीने घडवला," ती म्हणाली. "ती पलीकडच्या टेकडीवर राहते. चल."

राजाने तबेल्याकडे बोट दाखवले.

"घोडा हुकुमाची वाट पाहतो आहे. पायी चल."

राजा पायी निघाला. तमालिका दारातच उभी होती आणि तीही वैतागलेली होती.

"तुझे आजोबाही असेच आले होते," ती म्हणाली. "तीन गोष्टी मिळव. रांगेत उभे राहून मिळालेले पाणी. न मागता मिळालेले मीठ. दोन्ही एकत्र करून गुळण्या कर, एक शब्द बोलण्यापुरता आवाज येईल. तिसरी गोष्ट, तुझ्याच प्रजेतल्या कुणाचा तरी नकार, जो तुला मनापासून मान्य असेल. तो मिळाला की दंड सुटेल."

माझी प्रजा हलतसुद्धा नाही, मग नकार कोण देणार, असे राजाने हातवारे करून विचारले.

"ते तुझे तू बघ," असे म्हणून तिने दार लावून घेतले.

टेकडीच्या पायथ्याला, परक्या मुलखात, एक विहीर होती. राजा सवयीने सर्वांत पुढे गेला.

"मुकुट असो की मुंडासे, रांग मागून सुरू होते," एक बाई म्हणाली. "आणि मुठीत ही काळी रवी घेऊन कुठे निघालात?"

राजा मागे जाऊन उभा राहिला. रांगेत नंबरावरून कडाक्याचे भांडण चालले होते. राजाने वैतागून कपाळाला हात लावला, आणि वेळ होता म्हणून ऐकू लागला. भांडता भांडताच बायकांनी एका लंगड्या म्हातारीला सर्वांत पुढे नेले, आणि त्यावर मात्र कुणाचे म्हणणे वेगळे नव्हते. शेवटी राजालाही एका जुन्या मडक्यात पाणी मिळाले.

पुढे एक आजी अंगणात ज्वारी वाळत घालून भाकरी थापत होती. कोंबड्या सारख्या ज्वारीवर येत. राजाला ते बघवेना, म्हणून तो दंडाने त्यांना हाकत बसला. दंडाचा हा पहिला चांगला उपयोग. ऊन उतरल्यावर आजीने न विचारता भाकरी दिली आणि वर मीठ ठेवले. राजाने भाकरी खाल्ली, मीठ शेल्याला बांधले आणि धावतच महालात आला.

शाल्मलीचा श्वास आता जेमतेम जाणवत होता. राजाने मीठ पाण्यात टाकून खळखळा गुळण्या केल्या. साळुंकी खिडकीत येऊन बसली.

"एकच शब्द आहे," ती म्हणाली. "ऊठ म्हणालास तर पोर उठेल. पण मग नकार कोण देणार? जन्मभर तिला घास घे म्हणून सांगावे लागेल, आणि सांगायला तुझ्याकडे आवाज नसेल."

राजा मुलीजवळ बसला. हुकूम करायचा नाही, तर बोलायचे तरी काय? जन्मात त्याने तिला कधी काही विचारले नव्हते.

"उठतेस?" त्याने विचारले.

दंडाला हुकूम कळत. हे काय आहे, ते त्याला कळेना. तो मुठीत कुरकुरला आणि वरपासून खालपर्यंत तडकला. शाल्मलीने डोळे किलकिले केले.

"नाही," ती म्हणाली. "अजून थोडे झोपू द्या ना, आबा."

आणि ती कुशीवर वळली. राजाला इतका आनंद झाला की त्याने दोन्ही हातांनी आपला शेला तिच्यावर पांघरला. दोन्ही हात मोकळे आहेत, हे त्याला पांघरूण घालून झाल्यावर समजले. दंडाचे तुकडे पाटाखाली पडले होते. खाली कोंबडा अवेळीच आरवला, आणि स्वयंपाक्याच्या हातातली पळी खळकन पातेल्यात पडली.

राजाचा घसा बरा झाला, आणि पुढच्या सभेत विहिरीच्या पायऱ्यांचा विषय पुन्हा निघाला. सुबंधूने तीनदा विचारले. कोष्टी कुंभारावर घसरला, कुंभार माळ्यावर, आणि दुपार झाली. राजाने कपाळाला हात लावला, कारण वैताग काही शापाबरोबर जात नाही. अखेर सगळे दमून गप्प झाले. राजा जेवायला म्हणून उठणार, तोच मागून शाल्मलीचा आवाज आला.

"माझे म्हणणे वेगळे आहे."

राजाने मुदपाकखान्याकडे एकदा पाहिले आणि तो पुन्हा खाली बसला.

"बोल," तो म्हणाला.

त्या दिवशीही भात गारच झाला, आणि राजाने तो सगळा खाल्ला.