भुंग्याच्या गळ्यातली कवडी

जनावरं बोलायची पण माणसांना ऐकू जायचं नाही, तेव्हाची गोष्ट.

सगुणा धनगरिणीनं भुंग्या कुत्रा पिलू असताना दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गळ्यात कवडीचा काळा दोरा बांधला. पिलू वाढलं, दोरा कुठला वाढतोय? केसांखाली तो रुतत गेला. गळ्याला हात लागला की भुंग्या गुरगुरायचा. एक दिवस सगुणेलाच चावला.

“पिसाळला मेला! उद्या लांब रानात सोडून या,” ती नवऱ्याला म्हणाली.

चुलीमागून चिंगी मांजर म्हणाली, “मुडद्या, गळा दाखव की तिला!”

“तिनं मायेनं बांधलाय गं. टोचतो म्हणून कसं दाखवू?”

“मग जा रानात, ती माया घेऊन.”

सकाळी नवरा दोरखंड घेऊन आला. भुंग्या पळाला नाही. सगुणेच्या पायाशी येऊन त्यानं मान वर केली, डोळे मिटले. तिनं केस सारले, तर कवडी मांसात शिरलेली. हिनं उभा जन्म मेंढरं कातरली, पण कुत्र्याचे केस कधी सारून पाहिले नव्हते. त्याच कातरीनं तिनं दोरा कापला. भुंग्या थरथरला, पण गुरगुरला नाही.

पुढं कुठल्याही जनावराची दृष्ट काढायची झाली, की सगुणा आधी त्याच्या अंगावरून हात फिरवायची. मीठमोहऱ्या मागून.