एका आमेनला एक घागर

फार फार पूर्वी, खाडीकाठची गावं जेव्हा होडीनंच एकमेकांना भेटत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मजेत ऐकावी, आणि मोठ्यांनी आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं समजू नये.

एका राज्याच्या टोकाला, अगदी खाडीच्या कडेला एक गाव होतं. गावाचे दोन भाग होते. वरच्या अंगाला केळीच्या बागा आणि भाताची शेतं. तिथली माणसं ख्रिस्ताला मानणारी. टेकडीवरचं त्यांचं पांढरं चर्च लांबून दिसे. खालच्या अंगाला मिठागरं. तिथली माणसं आपल्या ग्रामदेवीला मानणारी; त्यांची कुडाची घरं भरतीच्या पाण्याला खेटून उभी. दोन्ही भागांत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. हे त्यांचं मीठ खात, ते ह्यांचा भात खात, आणि दोघं सुखानं अनोळखी राहत.

चर्चमध्ये एक म्हातारे धर्मगुरू होते. आवाज गोड, मन त्याहून गोड, आणि स्वभाव जरा भित्रा. त्यांच्या धर्मात एक जुनी शिकवण होती, समाजात चारचौघांबरोबर कसं राहावं ह्याची. माणूस कुठलाही असो, त्याचा मान राखावा. राबणाऱ्याला विसावा मिळावा आणि घामाचं मोल मिळावं. गावाचं भलं म्हणजे गावातल्या शेवटच्या घराचंही भलं. धर्मगुरूंना हे सगळं तोंडपाठ होतं. रविवारी ते सांगत, लोक मान डोलवत, आणि सोमवारी जो तो आपापल्या कामाला लागे.

एका पावसाळ्यात खाडीला असं काही उधाण आलं, की खारं पाणी थेट भातात शिरलं. उभं पीक जळालं. राजानं हुकूम काढला, पुढच्या पावसाच्या आत बांध घाला. दिवाण आला, दोन दिवस चिखल तुडवत हिंडला आणि चुन्याची फक्की टाकून त्यानं बांधाची रेघ आखली. शेतं रेघेच्या आत राहिली. मिठागरवाल्यांची घरं रेघेच्या बाहेर.

दिवाण काही दुष्ट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला बांध वेळेत उभा करायचा होता, आणि सरळ रेघ लवकर पुरी होते. पण अडवलेलं पाणी कुठं तरी जाणारच. ते जाणार होतं त्या कुडाच्या घरांत. राजा महिन्याभरानं येऊन पहिला दगड ठेवणार होता, आणि राजानं ठेवलेला दगड मग कुणी हलवणार नव्हतं.

वरच्या आळीत आनंदीआनंद झाला. आभाराची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, करा म्हणून लोक धर्मगुरूंकडे आले. ते गेल्यावर मीठ विकणारी एक बाई चर्चच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावरची पाटी न उतरवताच ती म्हणाली, "फादर, तुमच्यात म्हणे शेजाऱ्यावर माया करा असं शिकवतात. तो शेजारी कुठवर असतो? चुन्याच्या अलीकडंच का?"

 त्या दिवशी धर्मगुरूंना घास गेला नाही. आपलीच माणसं सुखी होणार आणि त्या सुखाच्या पाण्यात दुसऱ्यांची चूल बुडणार, हे त्यांच्या काळजाला लागलं.

रविवारी ते जीव तोडून बोलले. शेवटच्या घराबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. लोकांनी डोळे पुसले, एका सुरात "आमेन" म्हटलं आणि ते जेवायला घरी गेले. "काय सुरेख बोलले आज फादर!" असं वाटेत सगळे म्हणत होते.

मग धर्मगुरूंनी ठरवलं की नुसतं प्रवचन नको, लोकांशी चर्चा करू. त्यांनी चर्चची घंटा बडवली. वरची आळी धावत आली, गुडघे टेकले, बाकांवर ओळीनं बसली. धर्मगुरूंनी विचारलं, "ह्या बांधाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" कुणी हूं की चूं करेना. त्या छपराखाली धर्मगुरू बोलल्यावर उलट बोलायचं असतं, हे कुणाच्या पणजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं एका बागाईतदारानं घसा खाकरला आणि तो आदरानं म्हणाला, "आमेन, फादर."

झालं! सगळे आमेन म्हणून उठले.

मिठागरवाले तर आलेच नाहीत. घंटा ऐकून त्यांना वाटलं, वरच्या आळीत कुणी तरी गेलं असेल. बिचाऱ्यांनी त्या दिवशी दुःखात सामील म्हणून गाणीबिणी बंद ठेवली.

शेवटी धर्मगुरू हिंमत बांधून दिवाणाकडे गेले. त्यांनी आपल्या शिकवणीतली वचनं म्हणून दाखवली, तीही चर्चच्या जुन्या भाषेत, कारण घाबरलं की त्यांना तीच भाषा आठवे. दिवाणानं शांतपणे ऐकून घेतलं.

"फादर," तो म्हणाला, "हे राज्य सगळ्या धर्मांचं आहे. आज तुमच्या पोथीवरून रेघ हलवली, तर उद्या दुसरा आपली पोथी काखेत मारून येईल. मी कुणाकुणाच्या पोथीचा बांध घालू?"

ह्यात खोटं काय होतं? धर्मगुरू खाली मान घालून परतले. त्यांना वाटलं, संपलं. आपण चर्चमध्ये बोलावं आणि बाहेर गप्प राहावं, हेच खरं. पण डोळ्यांपुढून ती पाटीवाली बाई काही हलेना.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ती कुणाला भीत नव्हती. पेज वाढता वाढता ती म्हणाली, "फादर, तुम्ही लोकांना विचारता का सांगता? माझा नवरा असाच होता. भाजी काय करू या म्हणून विचारायचा, आणि वांगी हातात धरून उभा असायचा."

धर्मगुरू रागावले. मग हसले. मग पेज तशीच ठेवून विचारात पडले.

गावाच्या वेशीवर एक दगडी क्रूस होता आणि त्याच्याजवळ गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. क्रूसाला दोन्ही आळ्यांच्या बाया जाता-येता फुलं वाहत, आणि पाणी तर सगळ्यांनाच लागे. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर धर्मगुरू एक पाट घेऊन तिथं जाऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एवढंच म्हणत, "बसा. बांधाचं काय करायचं ते मला समजत नाही. तुम्ही सांगा." पुढं त्यांनी एक नियमही केला, की इथं आमेन म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं समोर असेल त्याची घागर भरून द्यायची.

जुनी सवय ती! पहिल्या संध्याकाळी वरच्या आळीतली निम्मी माणसं पाणी ओढत होती. चर्चमध्ये घसा खाकरणारा तो बागाईतदार एकट्यानं तीन घागरी ओढून घामाघूम झाला, आणि त्या तिन्ही होत्या मिठागरातल्या बायांच्या. बाया पदराआड हसू लागल्या. मग उघड हसू लागल्या. मग बागाईतदारालाही हसू आलं. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेली माणसं तेव्हा पहिल्यांदा एकमेकांशी बोलली.

बोलणं गोडच झालं असं नाही. बागाईतदार तावातावानं म्हणाला, "बांध घरांच्या पुढून न्यायचा म्हणजे तो लांबणार. तोवर पाऊस आला तर माझं भात पुन्हा गेलं. पोरांना काय प्रवचन खायला घालू?"

धर्मगुरूंच्या ओठावर एक सुंदर वचन आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "म्हणजे तुला भीती उशिराची आहे," ते म्हणाले, "त्यांची घरं वाचण्याची नाही."

"त्यांची घरं वाचली तर माझ्या पोटात का दुखेल?" बागाईतदार चिडून म्हणाला. आणि बोलल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

आता धर्मगुरूंना वाटलं, मनातला बेत सांगायची हीच वेळ. चर्चची टेकडीवर थोडी जागा होती. मिठागरवाल्यांना तिथं घरं बांधून द्यावीत असं त्यांनी योजलं होतं. मोठ्या प्रेमानं त्यांनी ते सांगितलं. मिठागरवाल्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं हात जोडले.

"फादर, तुमचं मन मोठं आहे. पण टेकडीवर मीठ पिकत नाही. आमच्यासाठी काय बरं, ते आधी आम्हाला विचारा की!"

धर्मगुरूंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं माणसाच्या मानाबद्दल बोलून आपणही वांगी हातात धरूनच उभे होतो, हे त्यांना कळलं. "चुकलो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "तुम्ही सांगा."

"लांबच्या बांधाला माणसं कमी पडतील ना?" म्हातारा म्हणाला. "आम्ही जन्मभर चिखलाचे बांधच घालतोय. आमची सगळी घरं कामाला येतील, बाया-माणसांसकट. पण आपलंच घर बाहेर ठेवणाऱ्या बांधाला हात लावायला जीव होत नाही हो."

बागाईतदारानं हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाला, "कामावरच्या सगळ्यांचं दुपारचं जेवण वरच्या आळीचं. आणि आम्हीही नुसते काठावर उभे राहणार नाही."

राजा आला त्या दिवशी खाडीवर सगळा गाव जमला होता.  ह्या वेळी धर्मगुरूंना बोलावंच लागलं नाही. बागाईतदार आणि मिठागरवाला म्हातारा बरोबरीनं पुढं झाले आणि त्यांनी दोघांचं मिळून एक म्हणणं मांडलं: बांध घरांच्या पुढून न्यावा, राबायला दोन्ही आळ्या येतील.

दिवाणानं धर्मगुरूंकडे पाहिलं. "ही तुमच्या पोथीतली गोष्ट दिसते, फादर."

"पोथीतलीच आहे, ते मी लपवत नाही," धर्मगुरू म्हणाले, आणि साध्या मराठीत म्हणाले. "ज्यानं शेवटचं घर बुडतं ते गावाचं भलं नव्हे, असं आमच्याकडे शिकवतात. पण महाराज, ते आमचं आहे म्हणून मानू नका. ह्या माणसांना विचारा, आणि पटलं तरच माना."

"आमची देवीही तेच सांगते," म्हातारा म्हणाला. "तिनं शब्द वेगळे घेतलेत एवढंच."

राजानं दिवाणाला विचारलं, "एवढे हात मिळाले तर लांबचा बांध पावसाआधी होईल?"

दिवाण सचोटीचा माणूस. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "होईल, महाराज. मी हे आधी ह्यांना विचारायला हवं होतं." मग त्यानं आपली पायताणं काढली आणि स्वतः आखलेली चुन्याची रेघ स्वतःच्याच पायानं पुसून टाकली.

राजानं पहिला दगड ठेवला, तो शेवटच्या घराच्या पुढं.

बांध झाला. पाऊस आला, आणि पौर्णिमेला खाडीनं पुन्हा तोंड वासलं. भर दुपारी सगळं गाव श्वास रोखून बांधावर उभं होतं. पाणी चढलं, बांधाला धडका देऊ लागलं, वरच्या दगडाला हात लावू लागलं. धर्मगुरूंनी डोळे मिटून घेतले. कुणी तरी त्यांची बाही ओढली. ती मीठ विकणारी बाई होती.

"उघडा डोळे, फादर," ती म्हणाली. "उतरलं पाणी."

त्यांनी वळून पाहिलं. आतल्या अंगाला भात हिरवंगार डोलत होतं, आणि कुडाच्या घरांच्या छपरांतून धूर निघत होता. चुली पेटल्या होत्या! धर्मगुरूंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. ते तिथंच ओल्या दगडांवर मट्कन बसले आणि लहान मुलासारखे रडत रडत हसू लागले. बाईनं त्यांना उठवलं, धाकट्या भावाला धरावं तसं दंडाला धरलं आणि शेवटच्या घरात जेवायला नेलं.

तात्पर्य: आपल्या धर्मातलं चांगलं ते देवळात कोंडून ठेवू नये आणि कुणावर लादूही नये, आधी चारचौघांचं ऐकावं, मग ते चारचौघांत मांडावं.