उंबराखालचे गवत

एका जंगलात, नदीच्या वळणावर, एक हरणी राहत असे. आणि तिच्या अगदी डोक्यावर, जुन्या उंबराच्या फांद्यांत, तिचे भाऊ राहत असत. हसू नका मुलांनो! भाऊ म्हणजे वानर. नाते रक्ताचे नव्हते, मानलेले होते. आणि रक्ताच्या नात्यापेक्षा मानलेले नातेच जास्त जपावे लागते.

हे नाते कुणी जोडले ते कुणालाच आठवत नव्हते. हरणांना गवतात उभे राहून लांबचे दिसत नसे, पण नाक मोठे तिखट. वानरांना झाडावरून सगळे रान दिसे, पण पाण्यावर उतरून वाकले, की पाठीमागे काय आहे ते कळत नसे. म्हणून वरचे डोळे वानरांचे आणि खालचे नाक हरणांचे. बिबट्या दिसला की राखणीवरचा वानर "खॅक! खॅक!" ओरडायचा आणि कळप पळायचा. वानर पाण्यावर उतरले की हरणी कडेने उभ्या राहायच्या. वास आला की पुढचा पाय जमिनीवर आपटायच्या, की वानर सरसर झाडावर.

कुणाला पाडस झाले की आई त्याला उंबराखाली घेऊन येई. बोलायचे काही नाही, नुसते उभे राहायचे. मग वानरांचा नायक शेंड्यावरची कोवळी डहाळी मोडून खाली सोडी. ही मामाची बारशाची डहाळी. आणि वानराचे पिल्लू पहिल्यांदा खाली उतरले, की मातीला पाय लावण्याआधी ते हरणीच्या पाठीवर बसे. ती त्याची आत्या ना! दुपारी सगळ्या आया आपापली पाडसे उंबराखाली निजवून चरायला जात. त्यामुळे तिथे गवत असे कधी वाढलेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाडसे निजून निजून ती जमीन सारवलेल्या अंगणासारखी झाली होती.

आपली हरणी तशी भित्री. त्यात पहिलटकरीण. पान हलले तरी तिचे कान उभे राहत. बाकीच्या हरणी तिला चिडवायच्या, "काय गं, तुझं पाडस काय लोण्याचं आहे? उन्हात वितळेल की काय?"

"असेना का लोण्याचं," हरणी म्हणायची, "माझं आहे."

तरी एक गोष्ट होती. पाडसाला उंबराखाली निजवले, की तिचा जीव खाली बसे. वर मामा आहेत, मग काळजी कसली?

पण त्या वर्षी जुना नायक गेला आणि नवा आला. अंगाने भरदार, शेपूट लांबलचक, आवाज पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल असा. दिवसभर तो शेंड्यावर बसे. शेंड्यावरून खाली पाहिले की सगळेच लहान दिसतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याला वाटले, खालचे खरोखरच लहान आहेत.

हरणी पाडसाला बारशाला घेऊन आली आणि रीतीप्रमाणे उभी राहिली. डहाळी काही पडेना.

वरून नायक म्हणाला, "नुसती उभी काय राहतेस? मान खाली घाल. 'द्या' म्हण."

हरणीला आधी वाटले, थट्टा आहे. मामालोक थट्टा करतातच. पण तो हसत नव्हता.

ती म्हणाली, "मामानं दिलं तर घ्यायचं असतं, दादा. मागायचं नसतं. मागितलं की ते बारसं राहत नाही, भीक होते."

"ऐका, ऐका!" नायक बाकीच्यांना म्हणाला. "आमच्या हाकेवर जगतात आणि तोरा बघा!"

तरणे वानर खदखदून हसले. एकाने अर्धे खाल्लेले उंबर तिच्या पायाशी फेकले. फांदीच्या बेचक्यात एक म्हातारी वानरीण बसली होती, ती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अरे, असं करू नये." पण म्हातारीचे कोण ऐकतो?

हरणीने ते उंबर हुंगलेसुद्धा नाही. पाडसाला पुढे घातले आणि मान वर ठेवून ती निघून गेली. आत मात्र तिला हुंदका आला होता. कळपात आल्यावर ती एवढेच म्हणाली, "आज डहाळी मिळाली नाही." दुपारी तिने पाडसाला नेहमीप्रमाणे उंबराखालीच निजवले. घरात भाऊ रागावला म्हणून कुणी माहेर तोडते का?

नायकाला मात्र तिचे ते मान वर ठेवून जाणे बोचत होते. त्याने राखणीवरच्या वानराला सांगितले, "आता बिबट्या आला की मला विचारल्याशिवाय ओरडायचं नाही. जरा उशीर होऊ दे. म्हणजे कळेल यांना, आपली किंमत काय ती."

आणि तसेच झाले. एका दुपारी हरणी नदीकाठी चरत होत्या, पाडसे उंबराखाली निजली होती, आणि गवतातून बिबट्या पोटावर सरपटत आला. राखण्याने पाहिले. त्याचे तोंड उघडले. पण त्याने आधी नायकाकडे पाहिले. नायकाने हात वर केला, "थांब."

बिबट्याने उडी घेतली तेव्हा कुठे "खॅक! खॅक!" झाले. पाडसे फुटाण्यासारखी उडाली. हरणीचे पाडस सगळ्यांत शेवटी उठले. बिबट्याचा पंजा त्याच्या कानाला लागला. अर्धा कान फाटला, पण पाडस निसटले आणि धडपडत आईच्या पोटाखाली येऊन दडले.

वरून नायक ओरडला, "पाहिलंत? आम्ही ओरडलो नसतो तर काय झालं असतं?"

हरणी पाडसाचा कान चाटत होती. तेवढ्यात पाडस हळूच म्हणाले, "आई, मामानं बघितलं होतं."

"काय बघितलं होतं?"

"बिबट्याला. मी जागा होतो ना, मामाच्या हाकेची वाट बघत. मामानं त्याला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग वरच्या मामाकडे बघितलं. आणि मग गप्पच बसला. आई, असं का केलं?"

कळपातली प्रत्येक आई ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी कळपाचा थोरला चितळ उंबराखाली गेला. त्याची शिंगे एवढी मोठी की वेलींत अडकत. नायक दोन फांद्या खाली उतरला. दोघांनी पुष्कळ वेळ गोड बोलून घेतले. मग थोरल्या चितळाने येऊन सांगितले, "सगळं मिटलं. आपली जुनी मैत्री आहे तशीच आहे. त्यांनी शब्द दिला आहे, आपणही दिला आहे."

"मिटलं असेल, आबा," हरणी म्हणाली. आजवर ती थोरल्यासमोर कधी बोलली नव्हती. "तुमचं त्यांचं मिटलं असेल. तुम्ही त्या झाडाखाली उभे राहून येता. आम्ही तिथं लेकरं निजवतो."

थोरला चितळ शिंगे सावरत चरायला निघून गेला.

त्या दुपारी हरणी पाडसाला घेऊन बांबूच्या बेटात गेली. काटेरी, अडचणीची जागा. निजायला नीट पालासुद्धा नाही. तिने कुणाला चला म्हटले नाही, कुणाला जाऊ नका म्हटले नाही. पण दुसऱ्या दुपारी शेजारीण आली. मग तिची बहीण आली. होता होता सगळ्या आया बांबूच्या बेटात आल्या. उंबराखाली एकही पाडस राहिले नाही.

नायक हसला. "जातील कुठं? येतील परत!"

पण कुणी परत आले नाही. राखणीचे वानर आता वेळेवर ओरडत होते, खरे सांगायचे तर आधीपेक्षा मोठ्याने ओरडत होते. पूर्वी एका हाकेसरशी सगळा कळप वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखा उठायचा. आता हाक आली की हरणी आधी नाक वर करून वास घ्यायच्या, खात्री करायच्या, मग पळायच्या. थोरला चितळ रोज सकाळी उंबराखाली जाऊन रामराम करून यायचा. मैत्री तशीच होती म्हणे. फक्त त्या गुळगुळीत जमिनीवर हळूहळू गवत उगवायला लागले.

मग उन्हाळा आला. उंबरावरची फळे संपली, पाने करपली, नदी आटून एवढेसे डबके राहिले. वानरांना पाण्यावर उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि डबक्याभोवती वाळलेली लव्हाळी माजली होती. तिच्यात कोण दडले आहे, कसे कळावे?

नायकाने हाक दिली, "आबा! शब्द आठवतो ना?"

थोरला चितळ शब्दाचा पक्का. तो दोन म्हाताऱ्या चितळांना घेऊन आला आणि डबक्यापासून लांब, सावली बघून उभा राहिला. तिघेही रवंथ करत होते, डोळे अर्धे मिटले होते. ठरल्याप्रमाणे आले होते, ठरल्याप्रमाणे उभे होते. वानरिणींनी वरून ते पाहिले आणि पिल्लांना छातीशी घट्ट धरले. एकही खाली उतरेना. आईला काय दिसते ते आईलाच कळते.

तेव्हा ती म्हातारी वानरीण एकटीच झाडावरून उतरली. भर उन्हात, उघड्या जमिनीवरून लंगडत लंगडत ती बांबूच्या बेटापर्यंत आली.

"ताई," ती हरणीला म्हणाली, "मागायला आले आहे."

"तुमच्यात मागायचंच असतं ना, आजी?" हरणी म्हणाली. "मान खाली घालून?"

"घालते की." म्हातारीने खरेच मान खाली घातली. "मला लाज नाही गं. आमच्या नायकाला वाटते, म्हणून तो वर बसला आहे. माझी नात कालपासून रडत होती. आज रडायचीही थांबली आहे."

हरणीने पाडसाकडे पाहिले. त्याचा फाटका कान वाऱ्यावर हलत होता. शेजारीण म्हणाली, "जाऊ नकोस बाई! तुझ्या लेकरासाठी त्यांना एक हाक जड झाली होती. विसरलीस?"

"विसरले नाही," हरणी म्हणाली. "पण ते कसे वागले यावरून आपण कसं वागायचं ते ठरवायचं का?" ती म्हातारीकडे वळली, "वर बघ, आजीबाई. मान वर कर. मला वाकलेली मान बघायची सवय नाही." मग ती शेजारणीला म्हणाली, "माझ्या लोण्याच्या गोळ्याकडे लक्ष ठेव."

ती गेली आणि थेट डबक्याच्या काठावर, लव्हाळीला अगदी लागून उभी राहिली. तिला पाहून वानरिणी उतरल्या. पिल्ले पाण्याला तोंड लावून चुटूचुटू पिऊ लागली. हरणीचे काळीज धडधडत होते, पण नाक जागे होते.

वारा फिरला. वास आला.

हरणी एक क्षणही थांबली नाही. 'धप्!' तिने पाय आपटला. तो आवाज ऐकला की बिबट्या पहिल्यांदा आवाज करणाऱ्याकडेच बघतो, हे तिला ठाऊक होते. तरी तिने परत आपटला. वानर सरसर उंबरावर चढले. पण म्हातारीची नात चिखलात घसरून मागे राहिली. लव्हाळी हलली. हरणी उलटी फिरली, पिल्लासमोर पाठ वाकवून उभी राहिली आणि म्हणाली, "चढ गं! आत्या आहे मी तुझी!" पिल्लाने तिच्या मानेला मिठी मारली आणि हरणी जी सुटली, ती बिबट्याच्या पंजाखालून सुटली. त्याच्या हाती धुळीशिवाय काही लागले नाही.

उंबराच्या बुंध्याशी तिने पिल्लू उतरवले. शिकार हुकलेला बिबट्या रानात निघून गेला, आणि तिच्या काळजीने सगळा कळप पाडसांसह तिथे धावत आला. हरणीने शेंड्याकडे पाहिले. तिला धाप लागली होती, पण शब्द स्पष्ट होते.

"दादा, आमच्या कुळात हाक उशिरा मारत नाहीत."

नायक खाली आला. दोन फांद्या नव्हे, पार जमिनीपर्यंत आला. येताना त्याने उंबराला उरलेली एकुलती एक हिरवी डहाळी मोडून आणली होती. ती त्याने पाडसापुढे ठेवली. "बारशाची राहिली होती," तो म्हणाला. त्याची मान खाली होती, आणि ती कुणी घालायला लावली नव्हती.

पाडसाने आईकडे पाहिले. हरणी म्हणाली, "मामानं दिली आहे. खा."

पाडस डहाळी खाऊ लागले. पण खाताना त्याने आपला फाटका कान मागे वळवला होता. मागून कुणी येते आहे का, ते आता त्याचे तेच ऐकत होते.

नायक म्हणाला, "ताई, उद्यापासून पाडसं इथंच निजव. मी स्वतः राखणीला बसेन."

"तुम्हाला तहान लागली की मी येईन," हरणी म्हणाली. "हाक मारा, न मारा, येईन. वर्षानुवर्षं येईन. पण निजवायचं म्हणता, ते माझ्या हातात नाही हो. मी विसरेनही एखादवेळी. याच्या कानाला कोण सांगणार?"

आणि मान वर ठेवून ती निघाली. तिच्यामागून सगळा कळप, प्रत्येक आई, तशीच मान वर ठेवून निघाली. भित्री म्हणून जिला चिडवत, तिच्या पावलांवर पाऊल टाकताना त्या दिवशी प्रत्येकीला अभिमान वाटत होता.

त्यानंतर नायक रोज राखणीला बसे. त्याची हाक पुन्हा कधी चुकली नाही. वानर तहानले की हरणी डबक्यावर येत, एकही दिवस त्यांनी चुकवला नाही. पण दुपार झाली की नायक शेंड्यावरून खाली बघे. उंबराखालचे गवत वाऱ्यावर डुलत असे, आणि कुणीच त्यावर निजलेले नसे.

तात्पर्य : पुढाऱ्यांच्या शब्दावर मैत्री नावाला टिकते, पण ज्या भरवशावर आया लेकरे निजवतात, तो भरवसा एकदा मोडला की कुणाच्याही हुकमाने परत येत नाही.