सगुणाबाईच्या हिरव्या बांगड्या

भाविकहो, नगरकडच्या उघड्या माळावर बोरटेक नावाचं एक लहानसं गाव होतं. तिथे शांतवनबाबा राहत. मातीच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं प्रभू येशूचं देऊळ. त्याच्याच पडवीत बाबांची खाट आणि खुंटीला एकतारी. बाबा फार बोलत नसत. दुखणेकऱ्याच्या उशाशी जाऊन बसत, हलक्या आवाजात भजन म्हणत, आणि तेवढ्याने माणसाचं मन थाऱ्यावर येई.

पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. गावातले तरणेताठे गडी दूर इराकात बसऱ्याच्या लढाईवर गेले होते. सगुणाबाईचा नवरा तुळाजीही त्यांत होता. निघताना तिने त्याच्या खांद्यावर स्वतः विणलेली, लाल काठाची घोंगडी टाकली होती. तो गेल्यापासून ती रोज सांजेला देवळात येई, गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करी आणि घरी जाऊन भाकऱ्या थापी.

तिचे थोरले दीर राणोजी पेन्शनीत निघालेले हवालदार. धाकट्या भावाने आणि भावजयीने ख्रिस्ताची वाट धरली, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. ती देवळातून परतली की ते मिशीला पीळ देत म्हणत, "काय गं सगुणे, आज काय म्हनला तुझा येशू? गोळ्या झेलतो का आमच्या तुळ्यासाठी?" ती पदर सावरून आत जाई. उलट उत्तर द्यायचा तिचा स्वभावच नव्हता.

आणि एके दिवशी शेजारच्या गावचा गेनू लढाईवरून परत आला. एका पायाने लंगडत तो राणोजींच्या अंगणात आला आणि त्याने काखेतून लाल काठाची घोंगडी काढली. दवाखान्याच्या तंबूत एका देहाच्या तोंडावरून ही पांघरलेली त्याने पाहिली होती. "तोंड उघडून बघायचा धीर झाला न्हाई, हवालदार. पन ही घोंगडी तुळाजीचीच. म्हनलं, वहिनीला तेवढीच खूण," असं म्हणून तो रडू लागला.

सगुणाबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका जमल्या. राणोजींनी उंबऱ्यापाशी दगड आणून ठेवला. "हात टेक सगुणे. फोड बांगड्या. रीत हाय ती."

"दादा, बाबा येईस्तोवर थांबा," ती हात जोडून म्हणाली.

"बाबा काय मेलेल्याला उठवनार हाय?" राणोजी गरजले. त्यांनी दगड उचलला आणि तिचं मनगट उंबऱ्यावर ओढलं. जुन्या बांगड्यांपैकी दोन तेवढ्या ओढाताणीतच तडकल्या.

तोच बाबा दारात आले. त्यांनी कुणाला दटावलं नाही. घोंगडी मांडीवर घेऊन ते खाली बसले, डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना केली. मग म्हणाले, "पोरी, ही हरवलेली नाही. ही कुणाला तरी दिलेली आहे."

"बाबा, मग हे जिवंत हायेत?"

"ते प्रभूने मला दाखवलं नाही. तुझं मन काय म्हणतं?"

सगुणाबाईने डोळे पुसले. तिचं तिलाच नवल वाटत होतं. "काल दिसभर जीव फडफडत व्हता. सांजेला गुडघं टेकलं आन् समदं निवलं. ते कुठं बी असू द्या, प्रभूच्या हातात हायेत. मला भ्या वाटत न्हाई, बाबा."

"ज्याने ही शांती दिली, त्याचा मान राखू या," बाबा म्हणाले, आणि त्यांनी चंद्राबाई कासारणीला बोलावणं धाडलं. काय तो प्रसंग! जिथे बांगड्या फुटायच्या, तिथेच कासारीण टोपली उतरवून बसली आणि तिने सगुणाबाईचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. राणोजी थुंकून निघून गेले. तो झावळ्यांच्या रविवारचा, म्हणजे देवळात खजुराच्या झावळ्या वाटतात त्या सणाचा, आदला दिवस होता.

त्यानंतर गावात कुचेष्टेला ऊत आला. पाणवठ्यावर बायका तिचा चुडा पाहून डोळे मिचकावत. सगुणाबाई मात्र जात्यावर बसली की गात असे. सुगी आली, देवळात पहिलं कणीस वाहायचा सण आला, आणि ती कणसांची पेंढी घेऊन घराच्या दारात उभी असताना वाटेने एक वाळलेला माणूस चालत आला. तो तुळाजी होता!

अंगणात सारा गाव लोटला. तुळाजी सांगू लागला, "शेजारी एक पोरगं थंडीनं कुडकुडत व्हतं, त्याला घोंगडी दिली. बिचारं गेलं. मग मलाच ताप चढला, डाक्टरनं आशा सोडली. एका सांजेला कानाशी काकनं वाजली. हिचीच! नवी, भरगच्च. म्हनलं, ही नटलीया, मंजे घरी समदं बरं हाय. मला झोप लागली आन् ताप उतरला. दुसऱ्या दिशी पाद्रीसायबानं ही वाटली." त्याने पिशवीतून खजुराची सुकलेली झावळी काढली.

झावळ्यांचा रविवार! कासारणीच्या हातून टोपलीच निसटली.

 राणोजी पुढे आले आणि बाबांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी लई बोललो. क्षमा करा."

बाबांनी त्यांना उठवलं. "माझं काय बिघडवलंत, हवालदार? ज्या हातांवर दगड उगारलात, त्यांची क्षमा मागा."

थोरला दीर धाकट्या भावजयीपुढे वाकतो, असं बोरटेकात कुणी कधी पाहिलं नव्हतं. राणोजी वाकले, त्याच उंबऱ्यावर डोकं टेकून. "अगं बाई, दादा, हे काय!" म्हणत सगुणाबाईने त्यांना उठवायला दोन्ही हात पुढे केले, आणि हिरव्या बांगड्या किणकिणल्या.