शेवटचा पक्षी येईपर्यंत

त्या राज्यात प्रत्येक जातीच्या पक्ष्यांना आपले झाड होते. फक्त सुगरण पक्ष्यांना नव्हते. कधीकाळी दक्षिणेकडे त्यांचे शिंदीचे बन होते. ते जळाले, आणि तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या फांद्यांवर घरटी टांगत आले. झाडाचा मालक परवानगी देई, वीण पाहून मान डोलवी, आणि एखाद्या वर्षी मोहर गळाला की तीच घरटी ओरबाडून खाली टाकी.

बन जळाले त्या दिवशी पुढे पोहोचलेल्यांनी नव्या झाडावर घाईघाईने विणायला घेतले होते. मागून धुरातून आलेल्यांना फांदीवर जागा उरली नाही. त्यांचे काय झाले ते कोणी सांगत नसे, पण त्या लाजेतून एक रीत निघाली. थवा नव्या जागी उतरला की प्रत्येकाने चोचीत गवताचे पाते धरून बसायचे. शेवटचा पक्षी येईपर्यंत पहिली गाठ मारायची नाही. गाठ पडली की मोजणी संपली; त्यानंतर येईल तो पाहुणा, थव्यातला नव्हे. परक्या झाडांवर ही रीत सोयीचीच ठरली. थवे लहान असत, आणि मोजणी झालेली मालकालाही आवडे.

मग एक थवा राहत होता त्या कावळ्यांच्या आमराईत मोहर काळा पडू लागला. कावळ्यांनी सभा घेतली आणि दोष लोंबत्या घरट्यांवर ठेवला. थोड्याच दिवसांत कडेच्या झाडावर शिकरे, पाखरांवर झडप घालणारे ते ससाण्यासारखे पक्षी, येऊन बसले. त्यांना कोणी बोलावले, हे सभेत कोणी विचारले नाही.

अशा वेळी पीतक नावाचा एक तरुण सुगरण परतला. तो याच आमराईत अंड्यातून बाहेर आला होता, पण कोवळ्या वयात वादळाने त्याला उत्तरेला नेले. तिथे तो करकोच्यांत वाढला, त्यांच्याकडून वारे ओळखायला शिकला. येताना तो मोठ्या तळ्याचा कारभार पाहणाऱ्या बगळ्यांच्या पंचायतीचा शब्द घेऊन आला होता.

"मोठ्या तळ्याच्या मधोमध बेट आहे, त्यावर एक बाभूळ," तो धापा टाकत म्हणाला. "ती आता आपली! अट एकच. वारा फिरायच्या आत तिथं आपलं एक तरी घरटं लटकताना दिसलं पाहिजे. नाहीतर ती पाणकावळ्यांना जाईल."

"बाभूळ?" तृणाजी म्हणाले. थव्याची मोजणी आणि पहिली गाठ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराण्याकडे होती. "अरे, आपलं शिंदीचं बन कुठं आणि ही काटेरी सासू कुठं!"

"आजोबा, बन आठवणीत आहे. शिकरे शेजारच्या झाडावर आहेत."

"करकोच्यांत राहून मान लांब झाली रे तुझी. दूरचं दिसतं, पायाखालचं दिसत नाही."

फांदीभर हशा पिकला. तो विरायच्या आतच एक शिकरा खाली झेपावला आणि हसणाऱ्यांपैकी एकाला घेऊन गेला. त्याच दिवशी अर्धा थवा निघाला. तृणाजीही निघाले.

निघणाऱ्यांतल्या सावळीची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. तिची आई मात्र फांदीवरून हलेना.

"चल ना गं आई."

"तू हो पुढं. तुझी अंडी काही थांबायची नाहीत. या पंखांनी तळं एकदाच ओलांडता येईल मला. तिथं घरटं नसलं, तर परत यायला बळ कुठून आणू? पहिलं घरटं लटकलं की निरोप धाड, मग निघते."

मागे राहिलेल्या सगळ्यांचे हेच म्हणणे होते. ते चुकीचे होते असे कोणालाही म्हणता आले नसते.

बेट रिकामे नव्हते. बाभळीखालच्या झुडपात मुनिया नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांची वस्ती होती. त्यांच्यातली एक पिल्लांवरून उठून पुढे आली.

"किती जण आहात?"

"अजून यायचे आहेत," पीतक म्हणाला.

"आणि गवत? ते दोघांना पुरेल?"

"पुरेल, ताई. नक्की पुरेल." त्याला ते मनापासून वाटत होते.

थवा बाभळीवर बसला. प्रत्येकाने चोचीत पाते धरले आणि बोलणे थांबले. समोर फांद्या होत्या, खाली गवत होते, अंगात विणायची कला होती. आणि सगळे पैलतीराकडे पाहत नुसते बसून राहिले.

पीतक तृणाजींसमोर येऊन बसला. "एक गाठ मारा, आजोबा. एक घरटं दिसलं की तिकडचे निघतील."

तृणाजींनी पाते पायाखाली धरले. "आणि गाठ पडल्यावर ते आले, तर इथं कोण म्हणून राहतील? पाहुणे? आपल्याच झाडावर?"

"इथं मोजणारा मालक कोण आहे?"

"कोणी नाही, म्हणूनच नीट वागायचं. धुरातल्यांना आपण एकदा सोडलं, पीतक. दुसऱ्यांदा माझ्या चोचीनं सोडायचं का?"

पीतक उडाला, तळे ओलांडून आमराईत गेला. "या, तुमच्यासाठी सगळे थांबलेत!" तो ओरडला. "घरटं लटकलं का?" तिकडून प्रश्न आला. तो परत आला, तेव्हा चोचीत पाती धरलेल्या सगळ्या नजरा एकच विचारत होत्या, ते आले का? तो पुन्हा गेला. प्रत्येक खेपेला आमराईतल्या फांद्या अधिक मोकळ्या दिसत, आणि प्रत्येक खेपेला उरलेले अधिक घट्ट बसलेले असत.

इकडे पाती सुकून पिवळी पडली. भुकेजलेले पक्षी खाली उतरून नुसते गवताचे बी टिपत, ओले पाते तोडत आणि पुन्हा वर येऊन बसत. एका दुपारी सावळीने पाण्यावर झुकलेल्या उघड्या फांदीवर अंडे घातले. तिने ते पोटाखाली घेतले, नराने बाजूने पंख लावला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि अंडे दोघांच्या मधून निसटून पाण्यात पडले. सावळीच्या चोचीत पाते होते. ती ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाणकावळे येऊन किनाऱ्यावर पंख वाळवत बसले. तळ्यावरच्या लाटा दिशा बदलू लागल्या. पीतक तेव्हा पलीकडे होता. तो परत येताना दिसला, तेव्हा आधी सगळ्यांनी त्याच्या मागचे आकाश पाहिले. ते स्वच्छ होते.

तो बाभळीवर उतरला. त्याच्या छातीवरची पिसे ओली होती, आणि तो ओलावा पाण्याचा नव्हता.

तृणाजींनी पाते पायाखाली घेतले. "बाकीचे?"

पीतकने सावळीकडे पाहिले आणि मान फिरवली.

"तिकडे आता फक्त शिकरे आहेत. गाठ मारा, आजोबा. शेवटचा पक्षी आला."

"कोण?"

"मी."

तृणाजींनी मारलेली पहिली गाठ सुटली. त्यांनी ती पुन्हा मारली. मग सारा थवा विणण्यावर तुटून पडला. वारा पुरता फिरायच्या आत एक घरटे लटकले, आणि पाणकावळे उठून गेले. बगळ्यांनी अभिनंदनाचा निरोप धाडला.

पण विणणे थांबले नाही. आपापली घरटी झाल्यावर पक्ष्यांनी न आलेल्यांची घरटी विणायला घेतली, प्रत्येकाचे त्याच्या नावाने. बाभळीची फांदी न्‌ फांदी भरली. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढा हा थवा! खाली बेटावर गवताचे पाते उरले नाही. मुनियांचे झुडूप आधी उघडे पडले, मग वाळले.

शेवटच्या फांदीवर सावळीने आणि तिच्या नराने आईचे घरटे विणले. सावळीची पुढची अंडी आता स्वतःच्या घरट्यात होती, आणि नर त्यांच्यापाशी होता.

एके दुपारी आभाळ जांभळे झाले. पहिली गार पाण्यात पडली. खालून मुनियेने हाक मारली.

"सावळे, पिल्लं उघड्यावर आहेत गं. वर इतकी घरटी रिकामी आहेत..."

"रिकामी नाहीत," सावळी म्हणाली. "हे माझ्या आईचं आहे."

"मग ती येईपर्यंत तरी?"

सावळी आईच्या घरट्याच्या तोंडाशी सरकून बसली. गारा वाढल्या तशी मुनिया वळली आणि वाळक्या काट्यांत पिल्लांवर पंख पसरून बसली. वर आईच्या घरट्याच्या माथ्यावर नवी वीण उसवू लागली, तेव्हा सावळी त्यावर झेपावली आणि तिनेही आपले पंख पसरले. दोघींच्या पाठींवर गारा सारख्याच आवाजाने आदळत होत्या. एकीच्या पंखांखाली पिल्ले कापत होती. दुसरीच्या पंखांखाली, उबदार आणि कोरडे, कोणीही नव्हते.